कुंपणावरचे वेल

प्रास्ताविक

घराला भिंत असते, तसे अंगणाला कुंपण असते. कोकणात दगडांचा गडगा किंवा झाडाझुडपांची वई, देशावर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण, शहरात तारेची जाळी अथवा लोखंडी गज अशी त्याची रूपे प्रदेशानुसार बदलतात. कुंपणाचे मूळ काम राखणीचे. परंतु त्याच्यावर एखादा वेल चढवला, की ते कुंपण सावली देते, धूळ अडवते, डोळ्यांना गारवा देते आणि योग्य वेल निवडला तर रोजच्या भाजीचीही सोय करते. ज्यांच्याकडे शेत नाही, वाफे घालण्याइतके अंगणही नाही, त्यांच्यापाशीसुद्धा कुंपणाची एक उभी जमीन असते.

या उभ्या जमिनीत काय लावावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. दिसायला देखणे असे पुष्कळ वेल विषारी असतात. काही वेलींचे एक अंग खाण्याजोगे, तर दुसरे अपायकारक असते. कुंपणापाशी मुले खेळतात, शेळ्या-गुरे तोंड घालतात, वाटसरू फुले तोडतात. म्हणून निवड डोळसपणे करावी लागते. ही निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत माहितीपर लेखात केला आहे. तुमच्यापैकी अनेकांना परसबागेचा प्रत्यक्ष अनुभव असेल. तो अनुभव सोबत ठेवूनच हा पाठ वाचावा.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –

१. वेल आधारावर कसे चढतात, हे उदाहरणांसह सांगू शकाल;
२. खाद्य वेल आणि अपायकारक वेल यांतील फरक लक्षात घेऊ शकाल;
३. आपल्या कुंपणासाठी योग्य वेलाची निवड कारणे देऊन करू शकाल;
४. सूचनापर लेखनातील आज्ञार्थ व विध्यर्थ ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. वेल चढतो कसा?

वेलाचे खोड स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही. झाड आपली पुष्कळशी शक्ती खोड जाड करण्यात खर्च करते. वेल तो खर्च टाळतो, दुसऱ्याचा आधार घेतो आणि वाचलेल्या शक्तीने झपाट्याने वाढतो. वेलांच्या या हालचालींचा बारकाईने अभ्यास चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने केला. त्याचा त्यावरील प्रबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेल कोणकोणत्या उपायांनी चढतात, याचे वर्गीकरण त्याने त्यात केले आहे.

आपल्या परिसरातील वेलही असेच निरनिराळ्या रीतींनी चढतात. वाल, चवळी, मायाळू, गोकर्ण यांचे खोडच आधाराभोवती वळसे घेत वर जाते. त्यांना उभी काठी, दोरी किंवा तार लागते. रुंद, सपाट फळीला त्यांना विळखा घालता येत नाही. कारले, दोडका, दुधी, काकडी, तोंडली यांना स्प्रिंगसारखे गुंडाळणारे नाजूक तणावे असतात. तणाव्याला बारीक आधार हवा असतो. म्हणून जाळी किंवा काटक्यांची ताटी या वेलांना फार मानवते. मिरी आणि नागवेल यांच्या पेरांवर मुळे फुटतात व ती झाडाच्या सालीला किंवा खडबडीत आधाराला धरून राहतात. बोगनवेल मात्र आपल्या काट्यांच्या मदतीने इतर झाडांवर रेलत वाढते.

यावरून पहिला धडा मिळतो. कुंपण कसे आहे हे आधी पाहावे आणि मग वेल ठरवावा. गुळगुळीत भिंतीपाशी दोडका लावला, तर तो जमिनीवरच लोळत राहील. त्याच भिंतीसमोर बांबूची ताटी उभी केली, तर काही आठवड्यांत ती हिरवी होईल.

पाठगत प्रश्न १

(अ) कारल्याच्या वेलाला जाळी का मानवते?
(आ) वेल झाडापेक्षा झपाट्याने का वाढतो?

२. कुंपणच शेत खाते तेव्हा

ज्याने राखण करायची त्यानेच घात करावा, अशा प्रसंगी आपण 'कुंपणच शेत खाते' ही म्हण वापरतो. विषारी वनस्पतींच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी ठरू शकते.

गुंजेचा वेल तुम्ही पाहिला असेल. तिच्या शेंगा तडकल्या, की आतून लालभडक आणि एका टोकाला काळा ठिपका असलेल्या बिया दिसतात. जुन्या काळी सोनार सोने तोलण्यासाठी या बिया वापरत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा होई. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा बसत. गुंजेचा गोडसर पाला विड्याच्या पानात घालण्याची पद्धतही आहे. मात्र तिच्या बीमध्ये ॲब्रिन नावाचे अतितीव्र विष असते. बीचे कवच टणक असल्यामुळे अखंड गिळलेली बी बहुधा अपाय न करता बाहेर पडते. परंतु चावलेली, फुटलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी प्राणघातक ठरू शकते. लहान मुलांना रंगीत वस्तू तोंडात घालण्याचा मोह होतो, हे लक्षात घेतले तर गुंजेला घराच्या कुंपणावर जागा का देऊ नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरात कुंपणांवर कळलावी फुलते. ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांमुळे तिला अग्निशिखा असेही म्हणतात. तमिळनाडू राज्याचे ते राज्यपुष्प आहे. तिच्या पानांची टोके तणाव्यांसारखी वळलेली असतात. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असते. हा कंद रताळे किंवा अन्य खाद्य कंद समजून खाल्ला जाण्याचा धोका असतो. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा वापर केला जाई, म्हणून तिला 'कळलावी' हे नाव पडले. पण असा घरगुती प्रयोग आई आणि बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

शोभेच्या वेलींतही सावधगिरी हवी. पिवळ्या घंटांसारख्या फुलांच्या अलामांडाचा चीक पोटात गेल्यास ओकाऱ्या व जुलाब होऊ शकतात. घरोघरी दिसणाऱ्या मनीप्लँटच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची व घशाची आग होते. हिवाळी बागेतील स्वीट पी हा फुलवेल वाटाण्यासारखा दिसतो, त्याला शेंगाही तशाच येतात. परंतु त्याच्या बिया खाण्याच्या नाहीत. म्हणून स्वीट पी आणि वाटाणा एकाच कुंपणावर कधीही लावू नयेत. वेल नसलेली, पण कुंपणासाठी सर्रास लावली जाणारी कण्हेर, बिट्टी, शेर आणि घाणेरी ही झाडेझुडपेही याच यादीत येतात. कण्हेर व बिट्टी हृदयावर परिणाम करतात, शेराचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो आणि घाणेरीचा पाला खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते.

३. नावात काय आहे?

खाद्य वनस्पतींच्या बाबतीत नावात पुष्कळ काही असते. आपण भारताच्या वेगवेगळ्या राज्यांत राहतो. आपण ज्याला तोंडली म्हणतो, त्याला हिंदी भाषक कुंदरू म्हणतात. आपला दुधी तो त्यांची लौकी. महाराष्ट्रातच कोणाचे घोसाळे हे खानदेशात गिलके होते आणि दोडक्याला काही ठिकाणी शिराळे म्हणतात. एका नावाने बी मागावे आणि हाती दुसरेच यावे, असे यामुळे घडते.

कृष्णकमळाचे उदाहरण पाहा. 'कृष्णकमळ' हे नाव एकाच वेलाचे नाही, त्या गटातील अनेक वेलींना ते लावले जाते. त्यांतील पॅशन फ्रूट या नावाने मिळणाऱ्या वेलाचे पूर्ण पिकलेले फळ खाण्याजोगे असते; मात्र या गटातील सर्वच फळे तशी नसतात. कच्च्या फळांत व पानांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असू शकतात. तेव्हा केवळ 'कृष्णकमळ आहे' एवढ्या माहितीवर फळ तोंडात घालू नये.

गुळवेलीचीही गोष्ट अशीच. औषधी म्हणून प्रसिद्ध असलेल्या गुळवेलीसारखीच दिसणारी, त्याच कुळातील दुसरी एक जात आहे. ती अपायकारक ठरू शकते, म्हणून केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२२ साली योग्य जातीचीच गुळवेल वापरावी आणि तीही वैद्यांच्या सल्ल्याने, असे सांगितले. दोन्हींची पाने हृदयाच्या आकाराची असतात. अनोळखी नजरेला त्यांतला फरक सहज कळत नाही.

नात्यावरूनही खाद्यतेचा अंदाज बांधू नये. रताळे ज्या गटातले, त्याच गटात निळ्या-जांभळ्या कर्ण्यांसारखी फुले येणारे अनेक शोभेचे वेल आहेत. रताळ्याचा कंद आपण उपवासाला खातो. शोभेच्या वेलींच्या बिया मात्र विषारी असू शकतात. वनस्पतीचे कूळ एक असले, तरी गुण एक असतोच असे नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) गुंजेची कोणती बी अधिक धोकादायक असते?
(आ) 'कृष्णकमळ' या नावावर विसंबून फळ का खाऊ नये?

४. विश्वासू सोबती

आता कुंपणावर निर्धास्तपणे लावता येतील असे काही वेल पाहू. 'निर्धास्तपणे' या शब्दाला अर्थात एक अट आहे. कोणता भाग, कोणत्या अवस्थेत आणि कसा शिजवून खायचा, हे माहीत असले पाहिजे.

*दोडका आणि घोसाळे.* जाळीच्या कुंपणासाठी ही जोडी उत्तम. दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची पहाटे. त्यामुळे दोन्ही लावल्यास कुंपण दोन्ही वेळा फुललेले दिसते. फळे कोवळी असतानाच तोडावीत. जून झालेल्या घोसाळ्याच्या आत धाग्यांची जाळी तयार होते. ती वाळवून अंग घासण्यासाठी वापरतात.

*कारले.* कारल्याचा वेल नाजूक, पाने कातरलेली, भार कमी. साध्या दोरीच्या ताटीवरही तो चढतो. भोंडल्याच्या एका प्रसिद्ध गाण्यात माहेरी जाऊ इच्छिणाऱ्या सुनेला कारल्याच्या वेलाची एकेक अवस्था पुरी होईपर्यंत थांबावे लागते. बी पेरल्यापासून पहिली कारली हाती यायला साधारणपणे दोन महिने लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सुनेचा धीर कसा सुटत असेल, याची कल्पना येते. पिकून फुटलेल्या कारल्यातील लाल गर गोड लागतो. पण त्यातील बिया मुलांना खाऊ देऊ नयेत. मधुमेहाच्या रुग्णांनी कारल्याच्या रसाला औषधाचा पर्याय मानू नये.

*दुधी.* याचे वेल जोमदार आणि फळे वजनदार. म्हणून कुंपण मजबूत हवे. याची पांढरी फुले सायंकाळी उमलतात व रात्री त्यांच्यावर पतंग येतात. दुधीविषयी एक महत्त्वाची सूचना पुढे स्वतंत्रपणे दिली आहे.

*तोंडली.* एकदा लावलेला वेल अनेक वर्षे टिकतो. तो बियांपासून न लावता, चांगली फळे देणाऱ्या वेलाच्या फांदीचे छाट लावून वाढवतात. कायमचे हिरवे कुंपण हवे असणाऱ्यांना हा वेल सोयीचा; मात्र तो पसरतो, म्हणून वेळोवेळी छाटणी करावी.

*वाल, पावटा आणि चवळी.* यांची मुळे हवेतील नत्र जमिनीत साठवण्यास मदत करतात, त्यामुळे जमिनीचा कस सुधारतो. वालाला दिवस लहान झाले की बहर येतो. पावसाळ्यात पेरलेला वाल हिवाळ्यात शेंगा देतो. वालाचे सुके दाणे कच्चे खाऊ नयेत. कोकणात कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच त्यांचे बिरडे करतात. ही पद्धत केवळ चवीची नाही. भिजवण्याने, मोड आणण्याने व नीट शिजवण्याने दाण्यांतील अपायकारक द्रव्ये कमी होतात. राजम्याच्या वेलालाही हाच नियम लागू आहे. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यास तीव्र उलट्या होतात. म्हणून तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळत्या पाण्यात पूर्ण शिजवावा.

*मायाळू.* अर्धवट सावलीतही वाढणारा हा मांसल पानांचा वेल आहे. हिरव्या व तांबड्या देठाच्या अशा त्याच्या दोन जाती दिसतात. पानांची भजी, पातळ भाजी करतात. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी ही भाजी बेताने खावी.

*कर्टोली.* पावसाळ्यात रानातून बाजारात येणारी ही काटेरी फळे परसातही घेता येतात. याचे नर व मादी वेल वेगवेगळे असतात. म्हणून एकच वेल लावून फळाची वाट पाहणे व्यर्थ होय. जवळपास दोन्ही असावे लागतात.

५. कडूपणाचे दोन अर्थ

कारले कडू असते आणि ते आपण आवडीने खातो. मग दुधी कडू लागला तर काय बिघडते? पुष्कळांची येथेच फसगत होते.

कारल्याचा कडूपणा हा त्याचा नेहमीचा गुण आहे. दुधी, दोडका, घोसाळे, काकडी यांची लागवडीतील वाणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या निवड करून गोड केलेली आहेत. त्यांच्या रानटी नातेवाइकांत कुकरबिटॅसिन नावाची अतिशय कडू व विषारी द्रव्ये असतात. एखाद्या वेळी परागीकरणातून रानटी वाणाचा गुण बियांत उतरतो आणि पुढच्या वेलाला कडू फळे लागतात. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी वापरतात तो कडू भोपळाही दुधीच्याच जातीचा असतो. त्यातून सूर सुरेल निघतात, पण तो पोटात जाण्यासाठी नाही.

कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या आणि मृत्यू ओढवल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा याविषयीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कडू लागणारा रस पिऊ नये, तो टाकून द्यावा आणि प्यायल्यानंतर त्रास झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे, असा त्याचा आशय आहे. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही. म्हणून दुधी चिरताना त्याचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा व थुंकून टाकावा. कडू लागल्यास साखर, मीठ किंवा मसाला घालून तो 'सुधारण्याचा' प्रयत्न करू नये. सबंध फळ फेकून द्यावे. एवढेच नव्हे, तर त्या वेलाचे बी पुढच्या वर्षासाठी राखू नये. पैसे घालून आणलेली वस्तू टाकवत नाही, हे खरे. परंतु येथे काटकसर महागात पडते.

६. लागवडीपूर्वीचे पाच प्रश्न

बी पेरण्यापूर्वी स्वतःला पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. या वेलाची ओळख मला किंवा माझ्या माहितीच्या जाणकाराला नक्की पटलेली आहे का?
२. याचा कोणता भाग खातात, कोणत्या अवस्थेत आणि कसा शिजवून?
३. याच्यासारखा दिसणारा अपायकारक वेल आहे का? असल्यास फरक कसा ओळखावा?
४. माझे कुंपण याचा भार पेलेल का आणि याला चढता येईल असा आधार त्यात आहे का?
५. या कुंपणापाशी कोणाचा वावर आहे – लहान मुले, गुरे, वाटसरू की शेजारी?

यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर 'माहीत नाही' असे आले, तर लागवड थांबवावी. बी आठ दिवस उशिरा पेरल्याने काही बिघडत नाही.

समजा, तुमच्या घरामागे सहा मीटर लांबीचे जाळीचे कुंपण आहे. एक टोक विहिरीजवळ अर्ध्या सावलीत, तर उरलेले उन्हात आहे. दर मीटरला एक या हिशेबाने साधारण सहा वेल बसतील. सावलीच्या टोकाला मायाळू, त्यानंतर दोन दोडके, एक कारले, एक वाल आणि दुसऱ्या टोकाच्या भक्कम खांबापाशी तोंडली अशी योजना करता येईल. दोडका व कारले पावसाच्या सुरुवातीला किंवा पाणी असल्यास उन्हाळ्याच्या तोंडावर, जानेवारी-फेब्रुवारीत पेरावे. पावसाळी पिकाचा दोडका आटोपतो तोवर वाल बहरू लागतो, तोंडली वर्षभर हिरवी राहते. असे कुंपण कधीच उघडे पडत नाही.

खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत घालावे. बी दोन ते तीन सेंटिमीटर खोल टोकावे. बाजारातील बियाण्याला अनेकदा रंगीत बुरशीनाशक चोळलेले असते. पेरल्यानंतर हात धुवावेत आणि उरलेले बी मुलांच्या हाती लागू देऊ नये. दोडका, कारले, दुधी यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. ज्या फुलाच्या बुडाशी इवलेसे फळ दिसते, ते मादी फूल. फळे धरत नसतील, तर नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावावेत. फळमाशीपासून रक्षण करण्यासाठी कोवळ्या फळांना कागदी पिशवी बांधता येते. कुंपणात वीजप्रवाह सोडलेला असेल, तर त्यावर वेल मुळीच चढवू नये.

कुंपण सामाईक असेल, तर शेजाऱ्यांशी आधी बोलावे. वेल हद्द ओळखत नाही. पलीकडे लोंबणारे दोडके कोणाचे, हा वाद पहिल्या फळाच्या वेळी उभा राहण्यापेक्षा बी पेरतानाच मिटलेला बरा. बहुधा निम्मी भाजी देऊन त्याच्या बदल्यात निम्मी राखण मिळते.

एवढी काळजी घेऊनही कोणी अनोळखी बी किंवा फळ खाल्ले, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. गुंज किंवा कळलावी यांची लक्षणे काही तासांनी सुरू होऊ शकतात. म्हणून 'आता तर बरे दिसते' या समजुतीने थांबू नये. खाल्लेल्या वनस्पतीची फांदी, बी किंवा फळ सोबत घेऊन तडक रुग्णालयात जावे. देशभरासाठी ११२ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आहे. वनस्पतीचा नमुना डॉक्टरांच्या हाती असेल, तर उपचारांची दिशा लवकर ठरते.

वेल लावणे हे लहानसे काम आहे. परंतु त्यात माहिती मिळवणे, ती पडताळणे, शंका आल्यास थांबणे आणि इतरांचा विचार करणे या चारही गोष्टी येतात. या चार सवयी अंगी बाणल्या, तर कुंपणावरचा वेल केवळ भाजी देत नाही, तो घराची राखणही करतो.

पाठगत प्रश्न ३

(अ) योग्य पर्याय निवडा : दुधी कडू लागल्यास – (१) साखर घालावी (२) जास्त शिजवावा (३) संपूर्ण फेकून द्यावा.
(आ) राजमा कसा शिजवावा?
(इ) मादी फूल कसे ओळखावे?

शब्दार्थ

वई – झाडाझुडपांचे कुंपण; गडगा – दगडांची रचलेली बुटकी भिंत; तणावा – आधाराला गुंडाळणारा वेलाचा तंतू; ताटी – बांबू वा काटक्यांची विणलेली चौकट; छाट – लागवडीसाठी कापलेला फांदीचा तुकडा; कस – जमिनीची सुपीकता; टोकणे – बी एकेक करून जमिनीत लावणे; सामाईक – दोघांच्या मालकीचे; बिरडे – मोड आलेल्या सोललेल्या वालांची उसळ.

भाषाभ्यास

*१. आज्ञार्थ व विध्यर्थ.* पुढील दोन वाक्ये वाचा.

(अ) कडू दुधी फेकून द्या.
(आ) कडू दुधी फेकून द्यावा.

पहिल्या वाक्यात समोरच्या व्यक्तीला थेट सूचना आहे. क्रियापदाचे हे रूप आज्ञार्थी होय. दुसऱ्या वाक्यात कर्तव्य किंवा योग्यता सांगितली आहे. ते रूप विध्यर्थी होय. सर्वांना लागू पडणाऱ्या सूचना लिहिताना मराठीत विध्यर्थाचा वापर अधिक होतो. नकारार्थी विध्यर्थात 'नये' येते : बी राखू नये.

*२. लिंगविचार.* 'वेल' हा शब्द मराठीत पुल्लिंगी (तो वेल) आणि स्त्रीलिंगी (ती वेल) अशा दोन्ही प्रकारे वापरला जातो. सामासिक नावांत मात्र तो बहुधा स्त्रीलिंगी होतो : गुळवेल, नागवेल, अमरवेल.

*३. म्हणी.* 'कुंपणच शेत खाते' आणि 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या दोन म्हणींत कुंपणाचा अर्थ वेगवेगळा आहे. पहिलीत ते रक्षकाचे प्रतीक आहे, दुसरीत मर्यादेचे.

तुम्ही काय शिकलात?

• वेल वळसे घेऊन, तणाव्यांनी, मुळांनी किंवा काट्यांच्या मदतीने चढतात. त्यानुसार आधार निवडावा लागतो.
• वनस्पतीचा एक भाग खाद्य असला, तरी सर्व भाग खाद्य असतात असे नाही.
• केवळ स्थानिक नावावर, रूपावर किंवा कुळावर विसंबून वनस्पती खाऊ नये.
• कारल्याचा कडूपणा स्वाभाविक असतो. दुधी, दोडका, काकडी यांचा कडूपणा ही धोक्याची सूचना असते.
• लागवडीपूर्वी ओळख, उपयोग, साम्य, आधार आणि वावर या पाच बाबींचा विचार करावा.

पाठान्त प्रश्न

१. 'कुंपणच शेत खाते' ही म्हण लेखकाने कोणत्या संदर्भात वापरली आहे, ते दोन उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. वाल भिजवून, मोड आणून शिजवण्यामागील कारण सांगा.
३. 'येथे काटकसर महागात पडते' या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
४. पुढील वाक्यांचे विध्यर्थी रूप करा : (अ) फळे कोवळी असताना तोडा. (आ) शेजाऱ्यांशी आधी बोला. (इ) बिया मुलांना देऊ नका.
५. तुमच्या घराच्या, शाळेच्या किंवा वस्तीच्या कुंपणासाठी वेलांची योजना करा आणि पाच प्रश्नांच्या आधारे तिचे समर्थन करा.

उपक्रम

तुम्ही राहता त्या राज्यातील बाजारात जाऊन पाच वेलभाज्यांची तेथील भाषेतील नावे विचारा. त्यांची मराठी नावे शेजारी लिहून तक्ता तयार करा. घरातील वडीलधाऱ्यांकडून त्या भाज्या ओळखण्याच्या खुणा समजून घेऊन त्यात नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) कारल्याला तणावे असतात व त्यांना गुंडाळण्यासाठी बारीक आधार लागतो. (आ) खोड जाड करण्याची शक्ती वाचत असल्यामुळे.
२. (अ) चावलेली, फुटलेली किंवा भोक पाडलेली. (आ) हे नाव अनेक वेलींना लावले जाते व त्या सर्वांची फळे खाद्य नसतात.
३. (अ) पर्याय ३. (आ) रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळत्या पाण्यात पूर्णपणे. (इ) फुलाच्या बुडाशी इवलेसे फळ दिसते.